उन्हात पिकअप जातो, म्हणजे बॅटरी गेली का?

पत्र: "दिवाळीनंतर पुण्याहून चार वर्षं वापरलेली इलेक्ट्रिक कार घेतली. घर जुळे सोलापुरात, चार्जिंग घरीच, पंधरा अँपियरच्या सॉकेटवर. हिवाळाभर गाडी झकास पळाली. एप्रिलपासून मात्र दुपारच्या वेळी पुणे रस्त्यावर ट्रकला ओव्हरटेक करताना पाय पूर्ण दाबला तरी गाडी उचलत नाही. सकाळी कामावर जाताना तसं जाणवत नाही. परवा घरच्या चौघांना घेऊन तुळजापूरला निघालो, तर घाटात डॅशबोर्डवर कासवाचं चित्र आलं आणि गाडी रांगायला लागली. बाजूला घेऊन थोडं थांबलो, मग चित्र गेलं. एसीसुद्धा पूर्वीसारखा गार करत नाही, पण तो उन्हाळ्याचा परिणाम असेल. रेंज, म्हणजे एका चार्जवर गाडी जाते ते अंतर, जवळपास तेवढीच आहे. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो बॅटरी गेली, लाखांत खर्च धरा. मेहुणे म्हणतात, एसी पिकअप खातो, तो बंद ठेवून चालवा आणि पावसाळ्याआधी गाडी विकून मोकळे व्हा. काय करू?" – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर:

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय आणि लगेच झटकूनही टाकलंय. एसी पूर्वीसारखा गार करत नाही, हे ते वाक्य. त्याच्याकडे येतोच. आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो: पत्रावरून तरी बॅटरी गेल्यासारखं दिसत नाही. ती तापतेय आणि तिला गार ठेवणारी यंत्रणा कुठंतरी कमी पडतेय, असा माझा पहिला संशय आहे. हा संशय खरा की खोटा, हे एक रुपयाही खर्च न करता बऱ्यापैकी कळू शकतं. तोवर मेकॅनिकलाही थांबवा आणि मेहुण्यांनाही.

रेंज कमी होणं आणि पिकअप कमी होणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. बॅटरीत साठवलेली वीज कमी झाली की रेंज घटते. पिकअपचा संबंध मात्र ती वीज एका वेळी किती जोरात बाहेर काढता येते याच्याशी. बॅटरी म्हणजे एकत्र जोडलेल्या छोट्या सेलचा पॅक. सेल जुने झाले की त्यांच्या आतला रोध वाढतो. समजा पॅक ३५० व्होल्टचा आहे आणि ओव्हरटेकच्या वेळी मोटर ३०० अँपियर ओढतेय. आतला रोध ०.१ ओहम असेल तर व्होल्टेज ३० ने खाली येतं; रोध दुप्पट झाला की ६० ने. व्होल्टेज ठराविक मर्यादेखाली गेलं तर सेलना इजा होते, म्हणून गाडीतला बीएमएस, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणारा संगणक, आधीच प्रवाह कमी करतो. तापमान वाढलं तरी तो तेच करतो आणि चार्ज फार खाली गेला तरी तेच. इलेक्ट्रिक गाडीत ॲक्सिलरेटर दाबणं म्हणजे नुसता अर्ज करणं. किती मंजूर करायचं ते बीएमएस ठरवतो. त्यामुळे खरा प्रश्न 'ताकद कुठं गेली' हा नाहीच. अर्ज कोणत्या कारणाने नामंजूर होतोय, ते शोधायचं आहे.

त्याआधी एक शक्यता मात्र बाजूला काढायला हवी. ताकद पूर्ण मिळतेय, पण वाटेत कुणीतरी ती खातंय, असं तर नाही ना? तुमच्या डॅशबोर्डवर पॉवर मीटर असेल, किलोवॉटमध्ये किंवा टक्क्यांत. शेजारी कुणाला तरी बसवा आणि पाय पूर्ण दाबल्यावर काटा कुठवर जातो ते त्यांना बघायला सांगा. काटा शेवटपर्यंत जातोय आणि गाडी तरीही जड वाटतेय, तर गाडी ओढली जातेय: ब्रेक चिकटलाय, टायरमध्ये हवा कमी आहे किंवा आधीच्या मालकाने भलत्याच मापाचे टायर घातलेत. काटा मध्येच अडकून बसत असेल, तर गाडी स्वतःच हात आखडता घेतेय. पुढचा सगळा तपास या एका निरीक्षणावर ठरतो, म्हणून ते आधी करा.

ओढली जाणारी गाडी आणखी एका खुणेवरून ओळखू येते. किलोमीटरमागे विजेचा खर्च वाढतो आणि रेंज घटते. तुमची रेंज तेवढीच आहे, म्हणजे ब्रेक-टायरचा संशय बराच मागे पडतो. तरी दहा मिनिटांचं काम आहे, बघून टाका. इलेक्ट्रिक गाडीत बरंचसं ब्रेकिंग मोटरच करते, ब्रेकच्या पॅडना फारसं काम नसतं, त्यामुळे कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा भाग, जाम होण्याचा प्रकार या गाड्यांत दिसतो. फारसा ब्रेक न लावता दहा-पंधरा किलोमीटर जाऊन या आणि चारही चाकांजवळ हात न्या. डिस्कला मात्र हात लावू नका. एकच चाक भट्टीसारखं तापलं असेल तर उत्तर तिथंच आहे.

आता घाटाचा थोडा हिशेब करू, कारण तुम्ही घाटाला घाबरलात आणि ओव्हरटेकला वैतागलात, पण या दोन्हींना लागणारी ताकद फार वेगळी आहे. सोलापूरहून तुळजापूर साधारण पावणेदोनशे मीटर उंचावर आहे. माणसांसकट १,६०० किलोची गाडी तेवढी वर न्यायला जेमतेम पाऊण युनिट वीज जास्तीची लागते. पाच टक्के चढावर ताशी ५० च्या वेगाने चढताना चढ, टायर आणि वारा मिळून पंधरा किलोवॉटच्या आसपास ताकद पुरते. मॉडेल तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून तुमच्या गाडीची मोटर नव्वद-शंभर किलोवॉटची धरू. म्हणजे ओव्हरटेक जमत नाही याचा अर्थ बीएमएसने वरचा तुकडा कापलाय. घाटात पन्नासने चढता येत नाही याचा अर्थ त्याने जवळजवळ सगळंच बंद केलंय. कासव म्हणजे गाडीने ताकद कापल्याची खूण, आणि ते आलं या दुसऱ्या पायरीवर. त्यामुळे त्या दिवशीची नोंद सगळ्यात मोलाची आहे, आणि नेमकं त्या वेळी चार्ज किती होता ते तुम्ही लिहिलेलं नाही. वीस टक्क्यांखाली असेल तर अर्धं उत्तर तिथंच मिळेल. सत्तर-ऐंशी असेल तर मात्र प्रकरण तापमानाचं किंवा एखाद्या कमजोर सेलचं. थोडं थांबल्यावर कासव गेलं यावरून फैसला होत नाही. तापलेली बॅटरी विश्रांतीने सावरते आणि कमजोर सेलही सावरतो.

या दोघांत फरक कसा करायचा? एका वेळी एकच गोष्ट बदलून. सोरेगावच्या पुढे विजापूर रस्त्यावर किंवा तुळजापूर रस्त्यावर सपाट, मोकळा, सरळ तुकडा निवडा. चार्ज ६० ते ७० टक्के ठेवा, स्पोर्ट मोड लावा (गाडी वीज वाचवणाऱ्या इको मोडमध्ये राहून गेलीय आणि लोक वर्कशॉप गाठतात, हे नेहमीचं आहे). सकाळी सहाला ४० वरून ८० ला जायला किती सेकंद लागतात, ते शेजारच्याने फोनवर मोजायचं. चालवणाऱ्याने फक्त रस्ता बघायचा. त्याच तुकड्यावर, तेवढ्याच चार्जवर, दुपारी तीनला पुन्हा मोजा. माणसांसकट दीड-पावणेदोन टनांच्या गाडीला नव्वद किलोवॉट मिळाले तर हे काम चारेक सेकंदांत होतं. चाळीसच मिळाले तर आठ-नऊ सेकंद लागतात. सकाळी चार आणि दुपारी आठ आले, तर गुन्हेगार तापमान. मग आणखी एक फेरी करा: पुन्हा सकाळीच, गारव्यात, पण चार्ज २५-३० टक्क्यांवर आणून. तिथं गाडी एकदम ढेपाळली तर सेलकडे बोट जातं, कारण चार्ज कमी असताना आणि जोर लावलेला असताना कमजोर सेल सगळ्यांत आधी खाली येतो. २५ टक्क्यांवर थोडी घट मात्र बहुतेक गाड्यांत असतेच, तिने घाबरून जाऊ नका.

माझा अंदाज पहिल्या उत्तराचा आहे, आणि त्याचं कारण तुमचा एसी. लिथियम-आयन सेलना साधारण १५ ते ३५ अंशांमध्ये बरं वाटतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच बेचाळीस-त्रेचाळीस असतं, आणि बॅटरी बसलेली असते गाडीच्या पोटाशी, तापलेल्या डांबराच्या वीतभर वर. तुमची गाडी लिक्विड कूलिंगची असेल, तर बॅटरीच्या आतून कूलंट, म्हणजे तिला गार ठेवणारा द्रव, फिरतो. पण बाहेरची हवाच त्रेचाळीस अंशांची असेल, तर नुसता रेडिएटर कूलंटला त्याखाली कसा आणणार? म्हणून अशा बहुतेक गाड्यांत चिलर नावाचा भाग असतो. तिथं एसीचा गॅस बॅटरीच्या कूलंटला गार करतो. कंप्रेसर एकच, तोच तुम्हाला गार करतो आणि तोच बॅटरीला. त्यात गॅस कमी असेल, कंडेन्सरची, म्हणजे एसीच्या गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाची, जाळी धुळीने बुजली असेल किंवा पंखा नीट फिरत नसेल, तर आत तुम्हाला घाम येतो आणि खाली बॅटरीला. पन्नाशीच्या आसपास पॅक पोचला की बहुतेक गाड्या ताकद कापू लागतात. नेमका आकडा प्रत्येक कंपनीचा वेगळा. हिवाळ्यात चिलरची गरजच फारशी पडत नाही, त्यामुळे दिवाळीनंतर घेतलेल्या गाडीत हा दोष लपून राहिला असेल तर नवल नाही. विकणाऱ्यालाही कदाचित कळला नसेल.

मेहुण्यांचा एसी बंद ठेवण्याचा सल्ला छोट्या पेट्रोल गाडीला लागू पडतो. तिथं इंजिनच कंप्रेसर फिरवतं आणि पिकअपला खरोखर फटका बसतो. तुमच्या गाडीत एसी दोन-तीन किलोवॉट घेतो, नव्वदमधले. तेवढ्याने ट्रकच्या मागे अडकायला होत नाही. ऐन उन्हात बाहेर काढताना एसी लावाच.

तर सुरुवात कुठून करायची? बोनेट उघडून कूलंटच्या टाकीतली पातळी बघा. काही गाड्यांत मोटर आणि तिला वीज पुरवणारा इन्व्हर्टर यांचा कूलंट आणि बॅटरीचा कूलंट वेगवेगळा असतो, तेव्हा दोन्ही टाक्या बघा. कमी दिसला तर नळाचं पाणी ओतू नका, बिसलेरीही नको. पुस्तिकेत लिहिलेलाच कूलंट घालायचा. पातळी कमी झाली म्हणजे कुठंतरी गळती आहे, हेही लक्षात ठेवा. मग पुढच्या जाळीतून टॉर्च मारून कंडेन्सर बघा. वर्षभराची धूळ, किडे, कापसाचे तंतू यांचा थर बसलेला असेल तर तो हलक्या दाबाच्या पाण्याने काढता येतो; प्रेशर वॉशरने जाळीच्या बारीक पट्ट्या वाकतात. एसी लावून पंखा पूर्ण वेगाने फिरतोय का ते ऐका. कूलंटचा इलेक्ट्रिक पंप चालतोय की नाही ते घरी कळणार नाही, ते वर्कशॉपमध्ये संगणक लावून बघतात.

गॅस भरायची वेळ आली तर जरा सांभाळून. आपल्याकडे सात रस्त्यापासून अक्कलकोट रोडपर्यंत एसीची कामं करणारे कितीतरी आहेत आणि त्यातले पुष्कळ हुशारही आहेत. पण इलेक्ट्रिक गाडीचा कंप्रेसर बॅटरीच्या मोठ्या व्होल्टेजवर चालतो आणि त्यात वेगळं, वीज न वाहणारं तेल असतं. पेट्रोल-डिझेल गाडीचं नेहमीचं तेल त्यात मिसळलं, अगदी आधीच्या गाडीवर वापरलेल्या मशीनमधून थोडंसं आलं, तरी इन्सुलेशन बिघडून गाडी वेगळीच तक्रार दाखवू लागते आणि मग कंप्रेसरच बदलायची वेळ येते. आधी विचारा: इलेक्ट्रिक गाडीचं काम केलंय का, तेल कोणतं वापरता? उत्तर गोलमोल आलं तर कंपनीच्या वर्कशॉपला जा. नारिंगी रंगाच्या केबलना तुम्हीही हात लावायचा नाही आणि ओळखीच्या मेकॅनिकनेही नाही. त्यांत तीनशे-चारशे व्होल्टचा डीसी प्रवाह असतो. 'पॅक खोलून एखादा सेल बदलू' असं कुणी म्हणालं तर चहा पाजून निरोप द्या.

सेलचा संशय उरलाच, तर तोही बघता येतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचं, गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं ब्लूटूथ ओबीडी यंत्र आणि तुमच्या मॉडेलला चालणारं ॲप असेल, तर एकेका सेलचं व्होल्टेज आणि पॅकचं तापमान फोनवर दिसतं. सगळ्या मॉडेलमध्ये सगळी माहिती मिळत नाही, हे गृहीत धरा. गाडी उभी असताना, मधल्या चार्जवर, सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या सेलमध्ये १०-३० मिलीव्होल्टचा फरक असेल तर काळजी नाही. बघायचं असतं ते पूर्ण जोर लावताना. सगळे सेल एकत्र खाली येतात, ते ठीक. त्यातला एकच बाकीच्यांपेक्षा शंभर-दोनशे मिलीव्होल्टने जास्त खाली जात असेल, आणि दर वेळी तोच, तर तुमचा चोर सापडला. सेल सिरीजमध्ये जोडलेले असतात, त्यामुळे एक थकला की बीएमएस सगळ्या पॅकला त्याच्या चालीने चालवतो. ॲपवर बॅटरीच्या तब्येतीचा जो एकच टक्क्याचा आकडा येतो, एसओएच म्हणतात तो, त्यावर मी फारसा विसंबत नाही. तो प्रामुख्याने साठवणुकीचा अंदाज असतो. तुमच्या दुखण्याबद्दल तो जवळपास काहीच सांगत नाही.

बाकीची कारणं थोडक्यात. बारा व्होल्टची छोटी बॅटरी मरायला टेकली की इलेक्ट्रिक गाडी चित्रविचित्र वागते. चार वर्षांच्या गाडीत ती तपासून घ्यावीच. ब्रेकचा स्विच बिघडला तर गाडीला वाटतं तुम्ही ब्रेकवर पाय ठेवलाय, आणि ती जोर कापते. पण या गोष्टी सकाळ-दुपार बघून त्रास देत नाहीत, म्हणून तुमच्या बाबतीत त्या मागच्या रांगेत. पुणे रस्त्यावर परतताना टेंभुर्णी-इंदापूरकडे फास्ट चार्जरला लावून लगेच निघत असाल, तर तेही लिहून ठेवा. फास्ट चार्जिंगने पॅक तापलेला असतो आणि वरून दुपारचं ऊन.

आता कागदपत्रं. आपल्याकडे बऱ्याच कंपन्या बॅटरी आणि मोटरवर ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देतात, जे आधी संपेल ते. तुमची गाडी चार वर्षांची, तेव्हा ती शिल्लक असण्याची शक्यता चांगली आहे. पण तीन गोष्टी तपासा. आरसी तुमच्या नावावर झाली का? दुसऱ्या मालकाला वॉरंटी मिळण्यासाठी कंपनीकडे वेगळी नोंद करावी लागते का? आणि गाडी आधी टॅक्सीत तर नव्हती ना? खासगी इलेक्ट्रिक गाडीला हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं असतात, भाड्याच्या गाडीला पिवळी. पाटी बदलता येते, म्हणून जुनी आरसी आणि सर्व्हिसच्या नोंदी बघा. भाड्याच्या वापराला वॉरंटीच्या अटी वेगळ्या असू शकतात. काही कंपन्या आयुष्यभराची वॉरंटी म्हणून जाहिरात करतात, ती पहिल्या मालकापुरतीच असते, तिच्या भरवशावर राहू नका. कूलिंगचे भाग, पंप, कंप्रेसर हे बॅटरीच्या वॉरंटीत धरतात की नाही, तेही बारीक अक्षरांत वाचा.

वर्कशॉपला गेलात तर जॉब कार्डवर 'पिकअप कमी' एवढंच लिहू देऊ नका. त्यावर तीन दिवसांनी 'चेक केलं, ओके आहे' असं उत्तर येतं, कारण त्यांनी गाडी सकाळी दहाला आवारात फिरवलेली असते. लिहायला लावा: दुपारी तीन, बाहेर बेचाळीस अंश, चार्ज पासष्ट टक्के, पूर्ण पेडलला मीटर अमुक किलोवॉटवर थांबतो, अमुक तारखेला घाटात कासव आलं, तेव्हा चार्ज इतका. कासव आलं त्या वेळचा फॉल्ट कोड आणि तेव्हाचं पॅकचं तापमान बहुतेक गाड्यांच्या मेमरीत राहतं, त्याची प्रिंट मागा. गाडी डीलरकडून घेतली असेल आणि त्याने बॅटरीची लेखी हमी देऊन आता हात वर केले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. खासगी माणसाकडून घेतली असेल तर तो रस्ता सहसा मिळत नाही.

काम होईपर्यंत गाडी सावलीत लावा आणि चार्जिंग रात्री उशिरा करा, पहाटे संपेल असं. पुस्तिकेत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी लिहिली असेल तर अधूनमधून १०० टक्के चार्ज करावं, नाहीतर चार्जचा आकडा भरकटतो. दुसऱ्या प्रकारची असेल तर रोजच्या वापराला ८०-९० पुरे. उन्हाळ्यात शंभर टक्के भरून दिवसभर उभी ठेवू नका. आणि जोवर गाडी बरी होत नाही तोवर दुपारी सिंगल रस्त्यावर ओव्हरटेक करायचा नाही. हे मात्र ठामपणे सांगतो. ट्रकच्या बरोबरीत आल्यावर चार सेकंदांऐवजी नऊ लागले, तर तेवढी जागा समोरच्याकडे नसते.

विकायचा विचार सध्या सोडा. कासव दाखवणाऱ्या गाडीला भाव येणार नाही, आणि न सांगता विकली तर पुढच्या एप्रिलमध्ये दुसरं कुणीतरी हेच पत्र लिहील. कूलिंग दुरुस्त झाल्यावर मेमध्येच ती दुपारची ४० ते ८० ची चाचणी पुन्हा करा. आकडा सकाळच्या जवळ आला तर गाडी ठेवा. नाही आला तर मला पुन्हा लिहा, पण या वेळी पॉवर मीटर कुठं थांबतो, सकाळ-दुपारचे सेकंद किती, आणि घाटात कासव आलं तेव्हा चार्ज किती होता, हे तिन्ही आकडे पत्रात हवेत.